कुठाय तुमचा रेड अलर्ट?

साताऱ्याला रेड अलर्ट जाहीर होतो आणि मलकापुरात नेमकं ऊन पडतं. मग चहाच्या टपरीवर प्रश्न येतोच, "कुठाय तुमचा रेड अलर्ट?" हवामान खात्याचा हा रंग बहुधा 24 तासांत 204 मिलिमीटरहून जास्त पावसाचा अंदाज सांगतो. पण आपला जिल्हा केवढा! महाबळेश्वर, नवजा इथं ढग फुटल्यासारखा पाऊस आणि माण-खटावात धूळ. आपल्या अंगणात पाऊस नसला, तरी नवजाचं पाणी कोयनेतूनच आपल्याकडं येणार असतं.

म्हणून आपली माणसं काय करतात? पाटणकडच्या पाहुण्यांना फोन लावतात. "दाजी, तुमच्याकडं कसाय पाऊस? धरणातून किती क्युसेक सोडलंय?" याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. वादळांच्या इशाऱ्यांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं, की इशारा ऐकून माणूस लगेच हलत नाही, आधी ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घेतो. खात्री जरूर करावी, फक्त त्यात अख्खी दुपार घालवू नये.

खरा घात करते ती जुनी खूण. 2005 च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी साधारण 54 फुटांपर्यंत चढलं होतं. ती खूण अनेकांच्या डोक्यात पक्की बसली. ऑगस्ट 2019 मध्ये इशारे आले, तेव्हा कित्येकांनी हिशोब केला, 'त्या वेळी पायरीला लागलं होतं, यंदा फार तर उंबऱ्याला लागेल.' सामान माळ्यावर टाकलं आणि घरातच थांबले. पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला लोक बाहेर पडत असताना बोट उलटली, माणसं बुडाली. तोवर गावाला पाण्याचा वेढा पडलेला होता.

यात गोठ्याचाही प्रश्न असतो. दावणीची म्हैस सोडून कोण निघेल? जनावरांची सोय न सांगता नुसतं 'स्थलांतर करा' म्हणणारा इशारा शेतकऱ्याच्या दृष्टीनं अर्धाच असतो, आणि हा दोष ऐकणाऱ्याचा नाही.

आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आहे, धोक्याची 45. मधले पाच फूट हाच आपला वेळ. तेव्हा नदीकाठच्या घरांनी आजच ठरवावं: पाणी कुठवर आलं की म्हातारी माणसं हलवायची, जनावरं कुणाच्या माळावर न्यायची. आणि त्या माळाच्या मालकाला पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.