न दिलेल्या गोळ्यांचीही नोंद हवी

बचत गटाचा हिशोब लिहायला आता आपले हात सरावलेत. त्या सवयीचा आमच्या उपकेंद्रात कसा उपयोग झाला, ते आज सांगतो.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या सुनेचं सातव्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. गरोदरपणात ते निदान ११ तरी असावं लागतं. गोळ्या खाल्ल्या नाहीस का, म्हणून सासू ओरडली. तर पोरगी म्हणाली, "आत्याबाई, दोन महिने उपकेंद्रात गोळ्याच नाहीत." मग सलाईनमधून लोह घ्यायला तिला एसटीनं ग्रामीण रुग्णालयात खेपा घालाव्या लागल्या, ते दिवस भरत आलेले असताना.

आम्ही चौघी तावातावानं नर्सताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि साठ्याची वहीच समोर ठेवली. "मागितल्या तेवढ्या आल्या हो," म्हणाल्या. वही चोख होती. घोळ वेगळाच होता.

हिशोब असा. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस. आमच्या उपकेंद्राखाली तेव्हा अशा ३० बाया होत्या. म्हणजे महिन्याला ९०० गोळ्या, तीन महिन्यांना २७००. बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळी घ्यायची असते, त्या बाळंतिणी यात धरलेल्याच नाहीत. आल्या होत्या फक्त ९००. त्या पहिल्याच महिन्यात संपल्या, पुढचे दोन महिने डबा रिकामा. वहीत काय दिसलं? तीन महिन्यांत ९०० वाटल्या. त्यावरून सरासरी काढली, महिन्याला ३००. पुढचं मागणीपत्र ३०० च्या हिशोबानं गेलं!

म्हणजे गोळ्या नव्हत्या म्हणून वाटल्या नाहीत, आणि वाटल्या नाहीत म्हणून लागत नाहीत असं ठरलं. आपल्या गटात एखादीला कर्ज हवं होतं पण पेटीत पैसे नव्हते, तर तिला गरजच नव्हती असं आपण लिहितो का?

नर्सताईंच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यावर ३८ कामं, आणि त्यातली निम्मी लिहिण्याचीच. तेव्हापासून आशाताई गरोदर बायांची यादी देतात आणि मागणी बायांच्या संख्येवरून निघते. जी रिकाम्या हातानं परत गेली तिचं नाव, औषध आणि तारीख वेगळ्या पानावर लिहितात. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, तर ती आम्ही जपून ठेवतो. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत ते पान आणि त्या चिठ्ठ्या वाचल्या जातात, मग प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र जातं. तिथल्या रुग्ण कल्याण समितीला अडीनडीला थोडं औषध स्वतः विकत घेता येतं, पण कुणी लेखी सांगितलं तर.

दुसरं, डबा रिकामा झाल्यावर मागणी करायची नाही. माल यायला महिना लागत असेल, तर महिनाभराचा साठा शिल्लक असतानाच पत्र गेलं पाहिजे. पीठ संपल्यावर कोणी दळण निवडायला बसत नाही.

त्याच दिवशी कपाट आवरताना मागच्या बाजूला जंताच्या गोळ्यांचा खोका सापडला, मुदत उलटलेला. नवे खोके पुढे लावत गेले आणि तो मागे राहिला. मागच्या वर्षीची ज्वारी आपण आधी दळतो, तसंच हे. फक्त इथं खोका कधी आला ते बघायचं नाही, त्यावरची तारीख बघायची. नंतर आलेल्या मालाची मुदतही कधी कधी आधी संपते.

सुनेची मुलगी आता पाच महिन्यांची आहे. लोहाच्या गोळ्या तेव्हापासून एकदाच संपल्या, त्याही आठ दिवस. ओआरएसची पाकिटं मात्र अजून कमीच येतात. पावसाळ्याआधी त्यांचं पान भरायचं आहे, म्हणून येत्या मंगळवारी आम्ही उपकेंद्रात बसणार आहोत.