लाकूड, पाणी आणि आपला डेक

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कडुनिंबाखालच्या नव्या डेकबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगितलंय. पण नव्याबद्दल बोलायचं तर जुन्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि जुना डेक मी केला होता.

मी भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठीचा लाकडी नमुना. बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. असं मिलिमीटरनं काम केलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला लाकूड कळतं. पण आमचं लाकूड जन्मभर छपराखाली! पावसाची आणि त्याची ओळखच नाही.

जुना डेक मशिनरीच्या खोक्यांच्या पाइनवुडचा होता. चाकणहून जवळजवळ फुकट मिळालं. फळ्यांवर ‘एचटी’ असा शिक्का होता, तो दाखवून मी सभेत ठासून सांगितलं, “ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे.” चूक तिथेच झाली. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की फळीच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं दिली आहे, म्हणजे लाकडातली कीड मालाबरोबर दुसऱ्या देशात जाऊ नये. पुढे ते लाकूड भिजलं, कुजलं, वाळवीनं खाल्लं, तर शिक्का काय करणार? शिवाय खालचे वासे मी सरळ मातीवर टाकले आणि फळ्या हौसेनं एकमेकींना घट्ट भिडवल्या. वरून दिसायचं मात्र झकास.

चौथ्या पावसाळ्यात एक फळी मोडली आणि बी विंगमधल्या वहिनींचा पाय आत गेला. दीड महिना प्लास्टर. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नव्या डेकचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला तेव्हा एकानं विचारलं, “काका, पुन्हा लाकूडच कशाला? कोबा करून टाका.” प्रश्न रास्त होता. पण बुंध्याभोवती कोबा केला तर मुळांना पाणी आणि हवा कुठून मिळणार? डेकच्या फटींतून पाऊस खाली जातो. डब्ल्यूपीसीच्या फळ्यांचीही चर्चा झाली. वाळवीचा प्रश्न नाही, पण उन्हात त्या चांगल्याच तापतात. मे महिन्यात अनवाणी पोरं नाचायला लागतील.

मला पुण्यातले जुने वाडे आठवले. तिथला लाकडी खांब मातीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. आपणही तेच केलं. आधी सिमेंटचे ठोकळे, त्यावर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सांगाडा, आणि त्यावर पाडलेल्या वाड्यातलं जुनं सागवान. खालची जागा मोकळी ठेवलीय. वारा खेळतो आणि वाळवीनं मातीची नळी वर चढवली तर वाकून पाहता येते. झाकलेली असती तर कळायला पुन्हा कोणाचा तरी पाय लागला असता.

साग म्हटलं की सगळा साग टिकतो, असं मात्र नाही. टिकतो तो मधला तपकिरी गाभा. कडेचा पांढुरका भाग वाळवी आवडीनं खाते. म्हणून वखारीत मी एकेक फळी उलटून पाहिली. दुकानदार वैतागला, त्याला इलाज नाही. लाकूड भिजलं की लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं, त्यामुळे दोन फळ्यांमध्ये 6 मिलिमीटर फट ठेवलीय. किल्ली पडेल एवढी मोठी नाही, मी घालून पाहिली. स्क्रू स्टेनलेसचे आहेत. साधा लोखंडी खिळा गंजतो आणि ओल्या सागावर काळे डाग पाडतो. भोकं आधी पाडून घेतली, म्हणजे फळी चिरत नाही. कापलेल्या टोकांना मेणाचं सीलर लावलं, कारण पाणी सर्वांत जास्त टोकातूनच शिरतं. व्हार्निश मुद्दाम टाळलं. उन्हापावसात त्याचे पापुद्रे निघतात आणि सगळं खरवडून काढावं लागतं. तेल नुसतं पुन्हा पुसायचं.

हे तेल दरवर्षी पावसाळ्याआधी लावायचंय. यंदाचा हात येत्या रविवारी सकाळी 8 वाजता. जुने बनियन आणि फडकी घेऊन या, तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या बादलीत टाका. चहा माझ्याकडे.

आणि वहिनी, तुम्ही समोरच बसलाय म्हणून सांगतो. पूर्वेकडची तिसरी फळी, तीच जागा. तिच्यावर मी आणि माझे दोन्ही जावई एकदम उड्या मारून पाहिल्यात. संध्याकाळी खाली या.