कुकडीच्या वरच्या अंगाला
(सहायकांच्या सभेत केलेले भाषण)



ओझर म्हटलं की अष्टविनायकांपैकी विघ्नहर आठवतो. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी त्याच्या शिखराला सोनं चढवलं, असं सांगतात. देवळाला दगडी तट आहे, समोर दीपमाळा आहेत. मी एप्रिलमध्ये गेलो, तरी काठाशी येडगाव धरणाचं पाणी पसरलेलं होतं. आजूबाजूला ऊस, टोमॅटो, द्राक्षबागा आणि क्षितिजावर चहूकडे डोंगर. बघत राहावं असं खोरं आहे.

हे पाणी कुकडीचं. मला ते येतं कुठून ते पाहायचं होतं, म्हणून मी जुन्नर ओलांडून पश्चिमेला निघालो. वाटेत शिवनेरी लागतो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म तिथला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच गडावर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तिथं उडवली, असं लोक सांगतात. सहलीला आलेली माणसं बहुधा तिथवर जात नाहीत.

पुढे माणिकडोह धरण, मग आपटाळे, चावंड आणि पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ. नदी इथून निघते. त्याच्याही पलीकडे नाणेघाट, सातवाहनांच्या काळातला व्यापाराचा रस्ता. इथं महादेव कोळी आणि ठाकर राहतात. भात, नाचणी, वरई पिकवतात आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा उन्हात वाळवून विकायचा, तोच वर्षाचा रोख पैसा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा या घरांचा तो पैसाच गेला. हिरड्याचं झाड काही वर्षा-दोन वर्षांत उभं राहत नाही.

पाऊस सगळ्यात जास्त पडतो तो याच पट्ट्यात. खाली ओझरकडे तो कितीतरी कमी. पण वर कातळ, उतार तीव्र, माती पातळ. पाणी थांबतच नाही. ते धरणात साठतं आणि येडगावच्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. धरणात जमिनी मात्र डोंगरातल्या गेल्या. शेजारच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगावच डिंभे धरणाखाली गेलं.

चावंडच्या बाजूला एका वाडीत एक म्हातारी मावशी झऱ्याशी वाटी घेऊन बसली होती. वाटीनं हंडा भरायचा. मी विचारलं, किती वेळ लागतो? ती म्हणाली, "माणसं किती आलीत त्यावर, दादा. पहाटे आलं तर लवकर भरतो."

खालच्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याचंही पोट त्या पाण्यावरच आहे. पण वरच्या वाडीला निदान प्यायला पाणी मिळावं, यासाठी मोठं धरण लागत नाही. झऱ्याला दगडी कुंड, त्यावर झाकण, वरच्या उतारावर चर आणि दोन-तीन छोटे बंधारे. श्रमदानाला माणसं तयार आहेत. सिमेंट, पाइप आणि गवंड्याची मजुरी एवढाच खर्च बाहेरून हवा. जागा मात्र वाडीतल्या बायांनाच विचारून ठरवावी, कारण कुठला झरा शेवटी आटतो ते त्यांनाच माहीत असतं.

आपल्यापैकी कुणाला जायचं असेल, तर पावसाळ्यातले धबधबे बघायला जरूर जा, पण एकदा मे महिन्यातही जा. प्यायचं पाणी जुन्नरमधूनच बरोबर घ्या. वर मागितलं तर ते नाही म्हणणार नाहीत.