कुत्र्यांचें मैदान

शहरांत कुत्रें पाळणें सोपें. त्याला धांवावयास जागा देणें कठीण. सदा साखळीला बांधलेलें जनावर चिडखोर होतें, आणि मोकळें सोडलेलें लेंकरांना घाबरवितें. मालक व शेजारी या दोघांचेंही गाऱ्हाणें खरें असतें.

अमेरिकेंतील बर्कली शहरानें या तंट्यावर तोड काढली. तेथें भुयारी रेल्वेचे रूळ जमिनीखालून गेले, आणि वरच्या मोकळ्या पट्टीवर ओलोनी उद्यान झालें. १९७९ सालीं त्याच उद्यानाचा एक तुकडा कुत्र्यांना प्रयोगादाखल देण्यांत आला. त्या देशांतील अशा प्रकारचें हें पहिलेंच मैदान, असें सामान्यतः मानितात. उद्यान नगरपालिकेचें, देखभालीचा भार मात्र कुत्रीं पाळणाऱ्या नागरिकांनीं संघ स्थापून स्वखुशीनें उचलला.

अशा मैदानाची रचना साधी असते. भोंवतीं कुंपण, आणि एकामागें एक अशीं दोन फाटकें. पहिलें लागल्यावांचून दुसरें उघडावयाचें नाहीं, म्हणजे कुत्रें रस्त्यावर निसटत नाहीं. आंत पाणी, सावली, आणि शक्य तर लहान कुत्र्यांसाठीं निराळा भाग. खरी कसोटी पुढेंच आहे. उकरलेले खड्डे बुजविणें आणि विष्ठा तत्काळ उचलणें हें काम रोजचें. विष्ठेंतील जंतांचीं अंडीं मातींत महिनोन्‌महिने टिकतात व खेळणाऱ्या मुलांच्या पोटांत जाऊं शकतात. एकाच्या आळसानें सर्वांचें मैदान बंद पडूं शकतें.

कुंपण वर्गणींतून उभें राहील. पण फावडें रोज कोणीं हातीं घ्यावयाचें, हें आधीं ठरवावें. तें ठरलें, तरच नगरपालिकेकडे जागा मागण्याचा हक्क पोंचतो.