घरांतील नळांची नोंद

घराचें खरेदीखत आपण कुलपांत जपून ठेवतों. परंतु ज्या पाइपांतून आपलें पिण्याचें पाणी भिंतीच्या पोटांतून येतें, त्यांचा लेखी पत्ता क्वचितच एखाद्या घरीं सांपडतो. जुन्या चाळींतून ही उणीव भासत नसे. लोखंडी पाइप भिंतीवरून उघडा धांवे. तो कोठून आला व कोठें गेला हें पोरासोरांनाही दिसे. आतां तो गिलाव्याआड आणि फरशीखालीं गेला आहे.

त्यांतून शहरांतील पुष्कळ इमारतींत पाणीही एक प्रकारचें नसतें. नगरपालिकेचें पाणी तळटाकींत येऊन पंपानें गच्चीवर चढतें. विंधनविहिरीचें पाणी निराळ्या टाकींतून शौचकूपाकडे जातें. गच्चीवर सारख्याच चेहऱ्याचे पांचसहा कॉक ओळीनें उभे असतात, आणि त्यांतला कोणता कोणाचा हें बहुधा घरांतील एकाच माणसाला ठाऊक असतें. माझ्या परिचयाच्या एका घरीं तें आजोबांना ठाऊक होतें. अर्धांगवायूनें त्यांची वाचा गेली, आणि पुढें एका रात्रीं न्हाणीघरांतील पाइप फुटला. आजोबा अंथरुणावरून डाव्या हातानें खुणा करीत होते. त्या कोणालाही उमगेनात. मुलगा बॅटरी घेऊन एकेक कॉक फिरवून पाहत होता. त्यांतले दोन तर गंजून घट्ट बसलेले. पाणी थांबलें तोंवर पलंगाखालच्या ट्रंका भिजून गेल्या होत्या.

ट्रंका वाळतात. याहून मोठें भय आहे तें निराळेंच. नवा मिस्तरी येतो, हाताशी लागेल त्या पाइपाला जोड देतो, आणि न पिण्याचें पाणी स्वयंपाकघरांत येतें. तें दिसावयास निर्मळ असल्यामुळें कोणाला शंकाही येत नाहीं. 1933 सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं शेजारशेजारच्या दोन हॉटेलांत सदोष नळकामामुळें सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें. आमांशाची साथ उद्भवली आणि सुमारें शंभर माणसें दगावलीं.

नोंद करण्याचें काम एका सकाळचें आहे, मात्र त्यास दोन माणसें हवींत. एकानें गच्चीवर एकच कॉक बंद करावा. दुसऱ्यानें घरांतील सर्व नळ सोडून कोणता आटतो तें लिहावें. पाइपांत साठलेलें पाणी ओसरण्यास वेळ लागतो, तेव्हां उतावीळ होऊं नये. शौचकूपाची टांकी आणि कपडे धुण्याचें यंत्र हीं हटकून विसरतात.

मग प्रत्येक कॉकला पितळी बिल्ला तांब्याच्या तारेनें बांधावा. कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसाळ्यांतच जाते. बिल्ल्यावर क्रमांक ठोकावा, परंतु नुसता क्रमांक नको. ‘स्वयंपाकघर, पिण्याचें’ असे शब्दही हवेत. कित्येक घरीं ‘दादांची न्हाणी’ असें लिहिलेलें आढळतें. दादा बदलीच्या गांवीं गेले म्हणजे तें कोडें होऊन बसतें. कारखान्यांत पाइपांना ठरीव रंग देतात; घरीं एवढा थाट नको, पिण्याच्या पाइपाला दिसेल तेथें एक निळा पट्टा आणि प्रवाहाच्या दिशेचा बाण काढला कीं पुरे.

भिंतींतल्या पाइपांसाठीं नकाशाच हवा. प्रत्येक भिंतीचें साधें चित्र काढून पाइप जमिनीपासून किती उंच व कोपऱ्यापासून किती दूर हें लिहावें. नवें काम चाललें असेल तर गिलाव्यापूर्वीं मोजपट्टी लावून छायाचित्रें घ्यावींत आणि तीं छापून ठेवावींत. मोबाइल हरवला कीं चित्रेंही हरवतात. आरशासाठीं भिंतीला भोंक पाडण्यापूर्वीं हा कागद पाहिला तर पाइप वांचतो. एक प्रत मीटरच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावी, दुसरी खरेदीखताबरोबर ठेवावी.

कॉक वर्षांतून दोनदां तरी फिरवावेत, म्हणजे ते बसत नाहींत. हें काम घरांतील मुलांना सांगावें. बिल्ला वाचून मुलाला योग्य तो कॉक बंद करतां आला नाहीं, तर मुलाला न रागावतां बिल्ल्यावरचे शब्द बदलावेत.