माठ गार का होत नाही?

(मंडळाच्या जून महिन्यातल्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलताना झालेला फापटपसारा कमी केला आहे. विनोद तसेच ठेवले आहेत, कारण त्यांना हसणारे सगळे माझ्याच टेबलावरचे होते.)



"उन्हाळ्यावर दहा मिनिटं बोल," असा कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मीच का? मी डॉक्टर नाही, हवामान खात्यात नाही. मी सॉफ्टवेअरवाला. एसी घरातून एसी लिफ्टने एसी गाडीत, तिथून एसी ऑफिसात. माझा आणि उन्हाचा संबंध पार्किंगपासून दारापर्यंतचा, तोही मी पळत पार पाडतो. तेव्हा खरं कारण कळलं. गणपतीच्या ढोल-ताशाचा सराव उघड्या पार्किंगमध्ये करायचा की पैसे भरून बंदिस्त हॉलमध्ये, यावर मागच्या मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला होता. "तू इंजिनिअर आहेस ना, मग आकडे काढ." आकडे काढ म्हटलं की आमच्या जमातीला राहवत नाही.

इथला उन्हाळा म्हणजे काय, हे तुम्हा दुबईकरांना मी काय सांगणार? दारातून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं जमतं आणि दोन मिनिटं आपण आंधळे असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की 'थंड' नळाखाली हात धरवत नाही, म्हणून जूनमध्ये आपण गीझर बंद करतो आणि गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडतो. हे मी पुण्याच्या मित्राला सांगितलं, तर त्याला वाटलं मला ऊन लागलंय. जुलैत एसी पूर्ण बंद करून महिनाभर भारतात गेलेल्यांना परतल्यावर कपाटातल्या बुटांवर बुरशीची हिरवी लव भेटते, तेही ठाऊक आहे. या गमतींच्या मागे एकच गोष्ट आहे, आणि ती मला माझ्या सासऱ्यांच्या माठाने शिकवली.

माझे सासरे नागपूरचे. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी दोघंही इथे आले होते, नेमके जुलैत. मी त्यांना जपून राहायला सांगितलं तर म्हणाले, "जावईबापू, अडतीस म्हणजे आमच्याकडे होळीचं हवामान! काही नाही होत." फ्रिजचं पाणी त्यांना चालत नाही. घसा धरतो. म्हणून मसाफीच्या फ्रायडे मार्केटमधून आम्ही एक छान माठ आणला. बाबांनी तो बाल्कनीत सावलीत ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं, विधिवत भरला. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट. तिसऱ्या दिवशीही कोमट. माठ बदलून आणायची भाषा सुरू झाली. माठ चांगला होता, हवा वाईट होती.

आता जरा तांत्रिक बोलतो, पण लवकर संपवतो. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर वाळतं. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं असेल तर वाळायचं कुठे? थर्मामीटरच्या पाऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. म्हणजे माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, त्याचा आकडा. मी हिशोब केला. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा आकडा येतो साधारण २४. दुबईत ऑगस्टमध्ये ३८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर येतो ३१. पारा सात अंशांनी खाली आणि माठ सात अंशांनी गरम! बाबांना हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणूनच कुलरसुद्धा इथे कोणी लावत नाही."

मंडळी, आपलं शरीर म्हणजे माठच आहे. नुसतं बसून राहिलं तरी माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता तयार करतो. जोरदार मेहनत केली तर चारशेच्या पुढे. ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. बाहेरची हवा त्याहून तापली की उलट तीच आपल्याला उष्णता द्यायला लागते, आणि मग एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. अट एकच, तो वाळला पाहिजे. कपाळावरून टपटप गळणारा घाम फुकट जातो. त्यात पाणी जातं, मीठ जातं आणि गारवा काही मिळत नाही.

वेट बल्ब ३५ म्हणजे माणसाची सैद्धांतिक मर्यादा, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. त्यापुढे धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी काही तासांत संपतो. २०२२ साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीराचं तापमान हाताबाहेर चढायला सुरुवात ३०-३१ लाच होते असं दिसलं. म्हणजे आपल्या ऑगस्टमधल्या आकड्यालाच! याचा अर्थ विदर्भाचं ऊन सोपं, असा मात्र घेऊ नका. त्याच प्रयोगांत फार तापलेल्या कोरड्या हवेत ही मर्यादा आणखी खाली, पंचविशीच्या आसपास आली, कारण शरीर तासाला किती घाम काढू शकेल यालाही हद्द आहे. नागपूरचं ऊन माणसाला सुकवतं. आपलं वाफवतं. मोदक आणि पापड यांतला फरक समजा.

हा दमटपणा येतो कुठून? समोरच्या समुद्रातून. आखात फार उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात ते टबातल्या पाण्यासारखं तापतं. समुद्रावरचा वारा ती वाफ किनाऱ्यावर आणून सोडतो, पण वरची हवा कोरडी आणि दाबून बसलेली, त्यामुळे पाऊस काही पडत नाही. कोकणात निदान ७ जूनच्या सुमारास सुटका व्हायची. सौदीत दहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश नोंदवला गेला. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेट बल्ब ३५ ला थोड्या वेळासाठी शिवून आलेली जी ठिकाणं सापडली, त्यांत पाकिस्तानातलं जेकबाबाद होतं आणि आपलं रास अल खैमाह. इथून तासाभराच्या अंतरावर.

इथली जुनी माणसं एसीशिवाय कशी राहिली, असं आपण कौतुकाने विचारतो. बर दुबईत अल फहिदीला जा, ते बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे, बघा. वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा. खजुरीच्या झावळ्यांची घरं असायची, त्यांतून वारा आरपार जायचा. पण खरा उपाय वेगळा होता. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं उन्हाळ्यात किनारा सोडून अल ऐन, लिवा अशा खजुरीच्या बागांत जायची, आणि पुरुष महिनोन् महिने मोत्यांसाठी समुद्रावर. थोडक्यात, ते लोक हवेशी भांडत नव्हते, काढता पाय घेत होते. आपणही जुलैत भारतात जातो ते आजीला भेटायला म्हणून, पण परंपरा इथलीच.

आता मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य घेतो. "आम्हाला सवय आहे, पंधरा वर्षं इथे आहोत." माफ करा, पण नाही. उन्हाची सवय ही शरीरात घडणारी खरी गोष्ट आहे. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. याला रोज उन्हात काही वेळ काम करून एक ते दोन आठवडे लागतात. आणि उन्हापासून लांब गेलं की तीनचार आठवड्यांत ती सवय बरीचशी जाते. तेव्हा पंधरा वर्षं एसीत काढलेल्या माझ्यासारख्याला पंधरा मिनिटांचीही सवय नाही. सवय आहे ती समोरच्या इमारतीवर काम करणाऱ्याला. तोही गावाहून दोन महिन्यांची सुट्टी संपवून जुलैत परत आला की पुन्हा नवखा असतो. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की कामावर उष्म्याने दगावणाऱ्यांत जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी जातात, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाइतकंच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं, असं तिथले तज्ज्ञ सांगतात. इथे बसलेल्यांपैकी काहीजण साइटवर मोठ्या हुद्द्यावर आहात. सुट्टीवरून आलेल्यांची यादी तुमच्याकडेच असते, म्हणून हे मुद्दाम बोललो.

इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, हे चांगलंच आहे. कतारने तर २०२१ पासून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन काम बंद ठेवलं आहे, शिवाय एका ठरावीक निर्देशांकापुढे कुठल्याही वेळी काम थांबवायचं असा नियम केला. मला तो जास्त पटतो, कारण घड्याळाला दमटपणा कळत नाही. दुपारी साडेबाराला बिर्याणी मागवणारे आपण, आणि ती हेल्मेट घालून मोटारसायकलवर आणणारा मुलगा, यांच्यामध्ये कुठला नियम येतो? त्यांच्यासाठी ठिकठिकाणी एसी विश्रांतीकक्ष झालेत, पण तिथे बसायला वेळ मिळायला हवा ना. आमच्या घरी उन्हाळ्यात दुपारची ऑर्डर बंद आहे. आदल्या रात्रीचा भात फोडणीला टाकतो. बायकोला हा निर्णय माझ्याइतका आवडलेला नाही, हे नमूद करतो.

आणि हे फक्त आखातातलंच आहे असं समजू नका. १६ एप्रिल २०२३, नवी मुंबई, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखो माणसं. पारा अडतिसाच्या आसपास, म्हणजे बाबांच्या भाषेत होळीचं हवामान. चौदा माणसं उष्माघाताने गेली. ती काही दगडं फोडत नव्हती. श्रद्धेने, तासन् तास बसून होती. खाडीकाठची हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि अध्येमध्ये उठून निघावं असं कोणाला वाटत नाही, असा तो प्रसंग.

आता आपला ढोल. कमरेला सात-आठ किलोंचं वजन, दोन्ही हात सतत चालू, स्त्रिया नऊवारीत, मुलं उत्साहात. संध्याकाळी सातला ऊन नसतं, म्हणून आपल्याला सुरक्षित वाटतं. पण सूर्य गेल्यावर आर्द्रता चढते, डांबर दिवसभराची उष्णता सोडत असतं, आणि घाम वाळायची सोय काही वाढत नाही. बाबा असेच सातला फिरायला गेले आणि वीस मिनिटांत बाकावर बसून राहिले. म्हणाले, "घाम येतोय, पण जातच नाही." लॅपटॉप फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो, त्याला तेवढी अक्कल दिलेली असते. ढोलवाला करत नाही, कारण शेजारचा थांबलेला नसतो आणि समोर कोणीतरी व्हिडिओ काढत असतं.

म्हणून माझं मत हॉलच्या बाजूने. पैसे जास्त लागतील, लागू देत. एक स्टेज कमी सजवू. ज्यांना आवाजाच्या गमतीसाठी बाहेर वाजवायचंच आहे, त्यांनी शेवटच्या दोन आठवड्यांत, पहिल्या दिवशी दहा मिनिटांपासून सुरुवात करून, दर पंधरा मिनिटांनी आत एसीत यायचं. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही हवं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-सरबत उत्तम. इथलं लबान म्हणजे आपलं ताकच, नाव अरबी. पन्हं आणायला काकूमंडळी तयार आहेत. कांदा खिशात ठेवणाऱ्यांनी तो जरूर ठेवावा, नंतर झुणक्याबरोबर उपयोगी पडेल. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, काहींनी हृदयाचा वेग वाढत नाही. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

आणि एवढं लक्षात ठेवा. कोणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, चिडचिड करू लागला, तर तो दमलेला नाही, तो उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत चुकीची आहे. मेहनतीने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. क्रोसिन देऊ नका, हा ताप नव्हे, तिचा उपयोग होत नाही. ९९८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता त्याला आत न्या, कपडे सैल करा, गार पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. दमट हवेत नुसतं ओलं फडकं पुरत नाही, माठाची गोष्ट आठवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

सरावाची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन, ढोल की ताशा, इतकंच दर वर्षी असतं. यंदा मी एक रकाना वाढवला आहे, 'भारतातून परत आल्याची तारीख'. तो रिकामा ठेवू नका, त्यावरूनच पहिल्या आठवड्यात कोणी किती वेळ वाजवायचं हे ठरणार आहे. पन्हं बाहेर तयार आहे, चला.