पालक : लाभार्थी, ग्राहक की भागीदार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला विचारले तर तो म्हणतो, "पालक सभेला येतच नाहीत, त्यांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही." त्याच गावातील पालकाला विचारले तर तो म्हणतो, "गुरुजी बोलावतात ते पोराची तक्रार सांगायला, नाही तर कागदावर सही घ्यायला." दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. शाळा आणि पालक यांच्यातील दुरावा हा केवळ स्वभावाचा प्रश्न आहे असे मानले, की त्यावरचे उपायही उपदेशाचेच सुचतात. पालकांनी जागरूक व्हावे, शिक्षकांनी आपुलकीने वागावे, असे सांगून सभा संपते. प्रत्यक्षात या दुराव्याच्या मुळाशी आर्थिक आणि सामाजिक रचना आहे, आणि रचनेचा प्रश्न उपदेशाने सुटत नसतो.

पालकसभेची वेळच पाहा. सभा बहुधा शाळेच्या वेळेत भरते. नोकरदार पालक त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो; त्याचा पगार कापला जात नाही. शेतमजूर बाई सभेला आली तर तिचा रोज बुडतो, आणि खुरपणीच्या दिवसांत एकदा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी असते. एका गोष्टीसाठी दुसऱ्या कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे लागते, यावरून अर्थशास्त्र तिची खरी किंमत ठरवते. या हिशेबाने एकाच सभेची सर्वांत मोठी किंमत सर्वांत गरीब पालक मोजतो. आणि ती मोजणे त्याला परवडले नाही, तर अनास्थेचा शेराही त्याच्याच नावापुढे पडतो.

सभेला आलेल्या बाईचीही गोष्ट फारशी वेगळी नसते. ती दाराशी उभी राहते, नाही तर मागे भिंतीला टेकून बसते. तिच्या दृष्टीने शाळा ही कचेरीसारखीच एक जागा असते : तिथली भाषा पुस्तकी, तिथले कागद न कळणारे, आणि खुर्च्या आधीच ठरलेल्या माणसांसाठी मांडलेल्या. तांड्यावरची, पाड्यावरची किंवा पारधी वस्तीतली आई असेल, तर घरची बोलीही वेगळी. अशी माता तासभर सभेत बसून काही न बोलता परत जाते आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" अशी नोंद होते.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. तितकीच महत्त्वाची असलेली दुसरी मागणी मात्र फारशी आठवली जात नाही. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी आणि कष्टकरी वर्गांतून तयार केले जावेत, असे फुल्यांनी सुचवले होते. लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, त्यांच्या गरजा समजून घेणारा आणि वेळ पडली तर नांगराला हात लावण्याची लाज न वाटणारा शिक्षक त्यांना हवा होता. पालकाशी बरोबरीने बोलू शकणारा शिक्षक नसेल तर बहुजनांच्या वस्तीत शाळा रुजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. शतकानुशतके ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती, त्यांच्यासाठी ती सक्ती आवश्यकच होती. परंतु सक्तीलाही एक मर्यादा असते. सक्तीने मूल शाळेत येते. पालक येत नाही. पालकाला शाळेशी जोडण्यासाठी निराळी वाट काढावी लागते.

ती वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवली. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. मुले गुरे राखायला जातात असे दिसले, तेव्हा कुरणातच कुरणशाळा भरवली गेली. यातील खरे शहाणपण साधनांच्या काटकसरीत नव्हते, ते प्रश्नाच्या मांडणीत होते. "पालक मुलाला गुरांमागे का पाठवतात?" या प्रश्नाचे "ते अडाणी आहेत" हे उत्तर त्यांनी नाकारले. गुरे राखणे हा त्या घराच्या निर्वाहाचा भाग आहे, हे मान्य करूनच त्यांनी शाळेची जागा आणि वेळ ठरवली. पालक आपोआप जवळ आला, कारण आधी शाळा त्याच्या जवळ गेली होती.

आता कायद्याकडे वळू. २००९ साली संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य करणारा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक ठरवली. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालनकर्ते असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे हे कलम सांगते. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. २२व्या कलमानुसार हा आराखडाच शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असायला हवा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पालक शाळेत हात जोडून येणारा अर्जदार नाही, तो तिच्या कारभाराचा भागीदार आहे.

व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी समिती कागदावरच राहते. सदस्यांची नावे गावातले दोनचार वजनदार लोक ठरवतात. स्त्री-सदस्यांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, किंवा त्यांचे पतीच बैठकीला बसतात. आराखडा मुख्याध्यापक एकटेच लिहून वरिष्ठ कार्यालयाला पाठवतात. यात सारा दोष मुख्याध्यापकांचा आहे असेही नव्हे. निवडणुकीची कामे, जनगणना, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज वरून मागवली जाणारी माहिती यांत शिक्षकाचा दिवस संपतो. ज्याला वर्गात शिकवायलाच उसंत नाही, त्याने संध्याकाळी वस्तीवर जाऊन पालकांशी बोलावे ही अपेक्षा न्याय्य ठरत नाही. म्हणून शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळे करण्याची मागणी ही केवळ शिक्षक संघटनेची मागणी नव्हे, ती पालकांचीही मागणी असली पाहिजे.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांत दिसते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कारखान्यांच्या परिसरात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. गाळपाचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे ऐन वर्षाच्या मध्यावर घर बंद होते. बरोबर नेलेले मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते. मागे ठेवलेले मूल आजीजवळ राहते. जानेवारीतल्या पालकसभेला मुलाची आई येत नाही, कारण ती पहाटेपासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी फडात असते. तिला अनास्थेचा दोष देणारा शेरा हा शेरा लिहिणाऱ्याच्याच अज्ञानाचा पुरावा आहे.

अशा गावांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती चालवण्यात शाळा व्यवस्थापन समितीचा वाटा असतो. मूल गावातच राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. परंतु मूल मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हा निर्णय घरात उचल घेताना होतो. शाळेने जानेवारीत दिलेल्या हाकेचा त्या वेळी काय उपयोग? शाळेला बोलायचे असेल तर दसऱ्याच्या आधी, वस्तीवर जाऊन, दोन्ही पालकांशी बोलले पाहिजे. आणि पुढचे सहा महिने शाळेच्या दृष्टीने पालक कोण? आजी. कायद्यातील 'पालनकर्ता' या शब्दात मुलाचा सांभाळ करणारी आजी बसते. तिला समितीत घेण्याला, तिला सभेचे निमंत्रण देण्याला कोणाची हरकत असू नये. अक्षर न ओळखणारी आजी शाळेतले काय समजणार, असे कोणी म्हणेल. पण शाळा वेळेवर उघडते की नाही, खिचडी शिजते की नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, नातू पाटी घेऊन बसतो तेव्हा वाचतो की नुसते गिरवतो, हे सांगायला पदवी लागत नाही.

दुसऱ्या टोकाला खाजगी विनाअनुदानित शाळा आहेत. वर सांगितलेले २१वे कलम त्यांना लागू नाही. महाराष्ट्रात २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने त्यांच्या शुल्कनिश्चितीत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिले, हे खरे. पण एकूण संबंध ग्राहक आणि विक्रेता यांचा झाला आहे. ग्राहकाला माल पटला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो; दुकान सुधारण्याची जबाबदारी त्याची नसते. गावातला बरा पैसा असलेला पालक आपले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतो, तेव्हा नेमके हेच घडते. ज्याचा आवाज अधिकाऱ्यांना ऐकू गेला असता तोच निघून जातो आणि ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही तो मागे उरतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. 'लोकसहभाग' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. रंग लावायचा, संगणक घ्यायचा, कुंपण घालायचे, की गावाकडून वर्गणी गोळा करायची आणि तिला लोकसहभाग म्हणायचे. निर्णयात वाटा नाही आणि खर्चात मात्र वाटा, ही भागीदारी नव्हे. शासनाने आपली जबाबदारी लोकांच्या अंगावर टाकण्याचा तो एक सोयीचा मार्ग आहे. पालकाने शाळेला वेळ द्यावा, लक्ष द्यावे, प्रश्न विचारावेत. इमारतीचा आणि शिक्षकाचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, सभेची वेळ आणि जागा बदलून घ्यावी : संध्याकाळी, वस्तीवर, देवळापुढे किंवा समाजमंदिरात. दुसरी, वर्षाची पहिली सभा तक्रारींची नसावी. प्रत्येक मुलाला काय येते, हे त्या सभेत आईवडिलांना ऐकायला मिळावे. तिसरी, शाळेला मिळालेले अनुदान आणि झालेला खर्च शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला जावा. चौथी, समितीची निवड पालकांच्या खुल्या सभेत व्हावी आणि विकास आराखडा तिथे मोठ्याने वाचून दाखवला जावा. पाचवी, शिक्षक वस्तीवर येतो तेव्हा त्याच्याबरोबर जावे, पण त्याच्यावर पाळत ठेवायला नव्हे. शिक्षकाला धाक घालून पालकांची मने जिंकू पाहणारा कार्यकर्ता शाळेचे आणि चळवळीचे दोघांचेही नुकसान करतो. समितीवर पक्षाचा कबजा बसवण्याचा मोहही कटाक्षाने टाळला पाहिजे.

ही कामे लहान वाटतील. परंतु २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले अन्यत्र पाठवण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याची हालचाल सुरू झाली. पटसंख्येच्या तक्त्यावर अशी शाळा तोट्याची दिसते. वस्तीवरची शाळा गेली तर ओढा ओलांडून चार किलोमीटर कोणती मुलगी जाईल आणि कोणती घरी बसेल, हा हिशेब त्या तक्त्यात नसतो. तो फक्त तिच्या आईला मांडता येतो. आईने आजवर शाळेत तोंडच उघडले नसेल, तर शाळेला कुलूप लागण्याच्या दिवशी ती अचानक बोलू लागेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. तिला बोलण्याची सवय लावणारी सभा त्याच्या कितीतरी आधी, तिच्या सवडीच्या वेळी, तिच्या वस्तीवर भरलेली असली पाहिजे.